तुमचं विचारणं, आमचं सांगणं : टेबलाला अर्थिंग, हाताला पट्टा

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, आणि या दिवसांत ते येणारच. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर, दुपारी हवेत ओलावा नावालाही नाही, खुर्चीतून उठून दाराच्या कडीला हात लावला की चट्‌! म्हणून इन्व्हर्टर-बॅटरीवाले प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज फक्त स्टॅटिक (म्हणजे घासून अंगावर साठणारी वीज), अर्थिंग आणि कामाचं टेबल.

प्रश्न : नवी पेठेत माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. उन्हाळा लागला की काही फोन असे होतात की आणताना चालू असतात, मी उघडून साधा डिस्प्ले बदलतो, आणि नंतर टच जातो नाहीतर चार्जिंगच घेईना होतो. गिऱ्हाईक म्हणतंय तुम्हीच बिघडवला. सप्लायर म्हणाला निळी मॅट घ्या, हाताला पट्टा घ्या, सगळं थांबतंय. मॅट घेतली, टेबलावर टाकली, फरक काय पडंना झालाय. पैसे पाण्यात गेले का?

उत्तर : पाण्यात नाही गेले दादा, पण मॅटच्या कोपऱ्यात जे प्रेस बटण असतं आणि त्याला लावायची वायर येते, ती कुठाय? पत्रात तुम्ही तिचं नावच काढलेलं नाही, आणि बऱ्याच दुकानांत ती मॅटच्या खोक्यातच राहिलेली असते. वायर न जोडलेली मॅट स्क्रू घरंगळू नयेत म्हणून चांगली, बाकी तिचा उपयोग नाही.

आधी होतं काय ते बघू. टेरिकॉटचा शर्ट घालून रेक्झिनच्या खुर्चीवर तुम्ही हलताय, चिकटपट्टी ओढताय, नव्या डिस्प्लेवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सोलताय, दोन वस्तू घासल्या किंवा एकमेकांपासून सुटल्या की दरवेळी थोडा थोडा चार्ज अंगावर साठतो. दमट हवेत तो आपोआप निघून जातो, कोरड्या हवेत बसून राहतो. या विषयाच्या माहितीपुस्तकांत एक तक्ता नेहमी देतात, त्यात टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर दमट हवेत १०० व्होल्ट आणि कोरड्या हवेत ६,००० व्होल्ट असा फरक दाखवलाय. माणूस तोच, टेबल तेच, नुसती हवा बदलली. तुमचे फोन नेमके उन्हाळ्यातच का येतात परत, ते यावरनं कळावं.

आणि गोम अशी की आपल्याला चटका जाणवायलाच साधारण ३,००० व्होल्ट लागतात, त्याच्या खाली काही झालं तरी बोटाला पत्ता नसतो, पण नाजूक आयसी (बोर्डावरच्या चिप) १०० व्होल्टच्या आसपास, काही तर त्याहून कमीलाही, जातात. त्यामुळं ‘मला तर कधी चटका बसला नाही, माझ्याकडं स्टॅटिकचा प्रश्नच नाही’ असं म्हणणाऱ्याचं मी मनावर घेत नाही. शिवाय आयसी जागच्या जागी मरेलच असंही नाही, आतला पातळ थर अर्धवट दुखावतो, फोन चालू होऊन गिऱ्हाइकाच्या हातात जातो आणि काही दिवसांनी बोंब होते. एक मात्र सांगून ठेवतो, सगळं खापर स्टॅटिकवर फोडू नका. बॅटरीचा कनेक्टर न काढताच डिस्प्ले लावणं, रिबन तिरकी बसणं, लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळणं, यातनंही अगदी असेच फोन मरतात, आणि ते आधी तपासायला पैसे लागत नाहीत.

आता जोडणी. मॅटची एक वायर, हाताच्या पट्ट्याची दुसरी वायर, दोन्ही एकाच पॉइंटवर आणायच्या आणि तिथनं सॉकेटच्या अर्थिंगला. पट्ट्याची क्लिप मॅटच्या कडेला चिमटवायची पद्धत सगळीकडं दिसते, ती नको, कारण मग तुमच्या हाताचा रस्ता मॅटमधनं जातो आणि मॅट मळली की तो रस्ता बिघडतो. सोल्डरिंग स्टेशन थ्री-पिनचंच पाहिजे, म्हणजे टिपसुद्धा त्याच अर्थिंगला येते. दोन पिनांची स्वस्तातली सोल्डरिंग गन बोर्डावर टेकवायची आणि हाताला मात्र पट्टा, याला काही अर्थ नाही.

पट्ट्याच्या वायरीत १ मेगओहमचा, म्हणजे १० लाख ओहमचा, रेझिस्टर असतो. काही पोरं तो ‘अडथळा’ समजून काढून टाकतात आणि साधी वायर लावतात. असं करू नका, जीव जाईल. उजनीचे सगळे दरवाजे एकदम उघडायच्या ऐवजी कालव्यातनं पाणी सोडावं तसं त्याचं काम आहे. हिशोब करून बघा : अंगावर ६,००० व्होल्ट आहेत आणि तुम्ही थेट आयसीच्या पायाला हात लावला, तर माणसाच्या अंगाचा रोध चाचणीत १,५०० ओहम धरतात, म्हणजे क्षणभर ४ अँपिअर. तेच १ मेगओहममधनं सोडलं तर ६ मिलीअँपिअर. आणि तरीही अंग रिकामं व्हायला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. उलट बाजूनं बघा, चुकून कुठं २३० व्होल्टच्या फेजला हात लागला तर पट्ट्यातनं ०.२३ मिलीअँपिअरच जाणार, जे जाणवतही नाही. रेझिस्टर काढला की तोच पट्टा तुम्हाला अर्थिंगला बांधून ठेवतो आणि शॉक पूर्ण बसतो. म्हणूनच चालू एसएमपीएस (कॉम्प्युटर-टीव्हीतला पॉवर सप्लाय), इन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, असलं काही उघडायचं असेल तर पट्टा आधी काढून ठेवा, रेझिस्टर असला तरी.

पट्टा कातडीला लागला पाहिजे, शर्टाच्या बाहीवरनं नाही, आणि घट्ट. मनगटावर दोऱ्या-गंडे असतील तर पट्टा त्यांच्या वर सरकवा. रोज सकाळी दुकान उघडलं की मल्टीमीटर लावा, पट्ट्याची आतली पत्री ते वायरीचं टोक, १ मेगओहमच्या आसपास दाखवलं पाहिजे. ओपन दाखवलं तर आत वायर तुटलीय, आणि ती तुटतेच, कारण दिवसभर पिळली जाते. मॅटच्या पृष्ठभागावर मात्र साधा मल्टीमीटर लावून घाबरू नका. मॅटचा रोध १० लाख ओहमपासून १०० कोटी ओहमपर्यंत कुठंही असू शकतो, साधा मीटर तिथं ओपनच दाखवणार. मॅट फ्लक्सनं चिकट झाली की साबणाच्या पाण्यानं पुसा आणि कोरडी करा, काच पुसायचा स्प्रे नको, त्याचा थर बसतो.

राहिलं थर्मोकोल, चिकटपट्टी, चहाचा प्लॅस्टिक कप, फोनचं कव्हर. यांना अर्थिंग करता येत नाही, कारण त्यांच्यावरचा चार्ज हलतच नाही, वायर लावा नाहीतर काहीही करा. ते बोर्डापासून निदान फूटभर लांब ठेवायचं, एवढाच उपाय. पापुद्रा सोलायचा तो डिस्प्ले जोडायच्या आधी, हळू सोला.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, केगावजवळ भाड्याच्या खोलीत राहतो. प्रोजेक्टसाठी मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरतो, मॉस्फेट सारखे मरायलेत. खोलीत थ्री-पिन सॉकेट आहे, घरमालक म्हणतात अर्थिंग आहे, पण मला डाऊट आहे. नसेल तर न्यूट्रलला पट्टा जोडला तर चालेल का? मित्र म्हणतो न्यूट्रल म्हणजे शेवटी अर्थच.

उत्तर : मित्राला सांग, बाबा तू परीक्षेत काय लिहायचं ते लिही, पण न्यूट्रलला हात बांधायचा नाही म्हणजे नाही. न्यूट्रलमधनं करंट वाहत असतो, आणि खांबावर न्यूट्रल तुटला की तुझ्या खोलीतल्या न्यूट्रलवर फेजचं व्होल्टेज येतं. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले तर सर्रास सापडतात.

घरमालक म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नको, मीटर लाव. एसीच्या ६०० नाहीतर ७५० व्होल्टच्या रेंजवर, चांगल्या इन्सुलेशनच्या प्रोब घेऊन, एका वेळी एकच हात वापरून. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास येईल. फेज-अर्थही जवळपास तेवढंच यायला पाहिजे. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ ७०, ११०, १५० असं काहीतरी हलतं-डुलतं दाखवत असेल तर अर्थची पिन हवेत लटकतेय, मागं वायरच नाही. आणि न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य, घरात पंखा-मिक्सर चालू असतानाही शून्यच, असं आलं तर खूश होऊ नको, बऱ्याचदा वायरमननं बोर्डाच्या मागं न्यूट्रल आणि अर्थला तुकडा जोडून ‘अर्थिंग’ करून दिलेलं असतं. तो प्रकार धोक्याचा, घरमालकांना दाखवून दे. मीटर लावायचा अनुभव नसेल तर वायरमनला बोलव, यात कमीपणा नाही.

आता अर्थिंग खरंच नसेल तर काय? नळाला वायर गुंडाळू नको, आताचे पाइप प्लॅस्टिकचे असतात, नळ पितळेचा असला तरी मागं काही नाही. गॅसच्या पाइपला तर नावही घेऊ नको. खिडकीच्या ग्रिलला जोडून पट्टा घालणारेही बघितलेत, ग्रिल सिमेंटात बसवलेली, तिचा भरवसा नाही.

पण एक गोष्ट लोक विसरतात. स्टॅटिकपासून वाचायला खरी गरज असते ती सगळं एका पातळीवर असण्याची. तुझा हात, मॅट, बोर्डाचा ग्राउंड, पक्कड ठेवायचा पत्र्याचा ट्रे, हे सगळं एकमेकांना जोडलेलं असेल तर हात बोर्डाला लागताना दोघांत फरकच नाही, मग ठिणगी कशाची पडणार? जमिनीतलं अर्थिंग असेल तर उत्तमच, कारण बाहेरनं येणारी वस्तू आणि माणूस त्याच पातळीवर येतो, पण ते मिळेपर्यंत पट्टा आणि मॅट एका पॉइंटवर, रेझिस्टरसकट, आणि बोर्ड हातात घ्यायच्या आधी मॅटवर टेकवायचा. बोर्ड मेनच्या सप्लायला जोडलेला असताना मात्र हे सगळं काढून ठेव, आणि प्रयोग शक्यतो बॅटरीवर कर.

मॉस्फेटचं विशेष म्हणजे गेट, त्याला चालू-बंद करायला लावणारा पाय. बऱ्याच पॉवर मॉस्फेटच्या डेटाशीटला गेट-सोर्स २० व्होल्ट ही मर्यादा असते आणि तू अंगावर हजारो घेऊन बसलायस. पाय काळ्या फोममध्ये खोचलेलेच राहू दे, सर्किटमध्ये बसवेपर्यंत काढू नको, आणि गेटपासून सोर्सला १० किलोओहमचा रेझिस्टर आधी सोल्डर कर, मॉस्फेट नंतर. जाता जाता : तुझे मॉस्फेट स्टॅटिकनंच मरतात असं मला शंभर टक्के वाटत नाही. मोटर किंवा रिले चालवतोयस आणि उलटा डायोड लावलेला नाहीस, असं तर नाही ना? ते आधी बघ.

प्रश्न : मी विडी घरकुलला घरात डीटीपी आणि झेरॉक्सचं काम करते. कॉम्प्युटरच्या डब्याला पाठीमागनं हात लावला की बोटाला झिणझिण्या येतात, अनवाणी असले तर जास्त. कूलरलाही तसंच व्हायलंय. मुलगा म्हणतो हे स्टॅटिक आहे, उन्हाळ्यात होतंच. खरं का?

उत्तर : नाही ताई, हे स्टॅटिक नाही, आणि हे वाचल्यावर कूलर आधी बंद करून प्लग काढा.

स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो, चट्‌ झालं की संपलं, परत लगेच हात लावला तर काही नाही. हात ठेवला तितका वेळ झिणझिणत राहतंय म्हणजे ती लाइटची गळती आहे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडनं डब्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, लाइटमधला खरखराट (नॉइज) गाळायला. अर्थिंग असेल तर ती गळती तिकडनं निघून जाते. नसेल तर डबा मधोमध तरंगतो, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी बारीक असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण प्रिंटरची केबल चालू असताना काढ-घाल केली की तोच पोर्टमधनं जातो आणि पोर्ट मरतो. तुमच्या झेरॉक्स मशीनला तर थ्री-पिन आणि अर्थिंग दोन्ही पाहिजेच.

कूलरची गोष्ट वेगळी आणि वाईट. पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप, पंपाची वायर सोललेली, खाली ओली फरशी. दर उन्हाळ्यात अशा कूलरनं माणसं गेल्याच्या बातम्या येतात. वायरमनला बोलवून दोन कामं करून घ्या : अर्थिंग तपासणं आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) बसवणं. त्याच्याकडं अर्थ टेस्टर असेल तर आकडा काढायला सांगा, नुसतं ‘आहे हो’ ऐकून घेऊ नका.

बऱ्याच घरांत अर्थिंग एकेकाळी केलेलं असतं, पण खड्डा वाळलेला असतो. आपल्याकडची काळी माती ओली असताना करंट चांगला घेते, पण उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, प्लेटपासून किंवा पाइपपासून सुटते, आणि खाली थोड्याच फुटांवर मुरूम नाहीतर खडक. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) प्लेट ६०० बाय ६०० मिलिमीटर आणि ६.३ मिलिमीटर जाडीची सांगितलीय, तांब्याची असेल तर जाडी ३.१५. ती ओलीच्या थरापर्यंत जायला पाहिजे. मिठानं रोध कमी होतो पण लोखंड खाऊनही टाकतो, म्हणून जुना मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर नट-बोल्ट गंजलेत का ते बघायला लावा. आणि खड्ड्यात पाणी ओतत राहा. सोलापुरात प्यायलाच पाणी पाळीनं येतं तिथं अर्थिंगला कुठनं आणू म्हणाल, तर आरओचं वाया जाणारं पाणी नळीनं तिकडं सोडा, फुकटात काम होतं.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे लूम आहेत. चादरीचं काम असतं तेव्हा त्रास नाही, पण पॉलिस्टर सूत लावलं की कंट्रोल कार्ड हँग होतात, सेन्सर चुकीचं सांगतात. मेकॅनिकनं कार्ड बदललं की नवं कार्डही कधी कधी लगेच जातं. काय करावं?

उत्तर : तुम्ही फरक स्वतःच पकडलाय. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो, चाचणीसाठी ठरवलेल्या प्रमाणित हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के, पॉलिस्टर फक्त ०.४ टक्के. त्यामुळं पॉलिस्टर सूत गाइडवरनं घासत गेलं की चार्ज साठतच जातो. सुती कापडाच्या शेडमध्ये ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर ठेवतात तो धागा तुटू नये म्हणून, पण त्यात कार्डाचाही फायदा होतो. तुमच्या शेडमध्ये दमटपणाची यंत्रणा असेल तर ती पॉलिस्टरच्या वेळी बंद ठेवू नका, आणि तरीही भागत नसेल तर सुताच्या वाटेवर स्टॅटिक काढणारा आयोनायझर बार लावावा लागतो, कारण सुताला वायर जोडता येत नाही.

लूमच्या सांगाड्याची अर्थ पट्टी खोलून बघा. बोल्टखाली रंग असतो नाहीतर तेल-रुई साचलेली, पट्टी दिसते जोडलेली पण टेकलेली नसते. रंग खरवडून दात्याचा वॉशर टाकून आवळा. एक धोक्याची सूचना : कार्ड जातंय म्हणून कुणी त्या एका लूमसाठी वेगळा रॉड ठोकून ‘स्वतंत्र अर्थिंग’ करून देतो म्हणालं, तर तो रॉड शेडच्या मुख्य अर्थिंगला जोडल्याशिवाय वापरू नका. वीज पडली किंवा कुठं फॉल्ट झाला की दोन अर्थिंगांत शेकड्यांनी, हजारांनी व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या कार्डातनंच वाट काढतो.

मेकॅनिकला एवढंच सांगा की लूम बंद करून, कार्डाच्या पिशवीसकट आधी सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला हात टेकवायचा, मग पिशवी उघडायची, कार्ड कडेनं धरायचं. खिशातनं नुसतं कार्ड काढून देणारा मेकॅनिक मला तरी चालणार नाही.

थोडक्यात काही :

बाळीवेसहून विचारलंय, बिनवायरीचा पट्टा ऑनलाइन मिळतोय, घ्यावा का? नको. चार्ज जायला रस्ता लागतो, वायर नाही म्हणजे रस्ता नाही.

जुळे सोलापूरहून, रॅम ज्या चंदेरी पिशवीत येते तिच्यावर मदरबोर्ड ठेवून काम केलं तर चालतं का? पिशवीची राखण आतल्या वस्तूला आहे, ती बंद असताना. वर बोर्ड ठेवून चालू करू नका, पिशवीत धातूचा थर असतो, शॉर्ट होऊ शकतो. ज्या खोक्यात बोर्ड आला ते पुठ्ठ्याचं खोकं बरं. गुलाबी पिशवी मात्र स्वतः चार्ज धरत नाही इतकंच, बाहेरनं आलेला झटका ती अडवत नाही, त्यामुळं कुरिअरनं काही पाठवणार असाल तर चंदेरीच वापरा आणि तिला भोक पडलेलं नाही ना ते बघा.

होटगी रोडहून, शहाबादी फरशीवर अनवाणी बसून रॅम बदलली तर पट्ट्याची गरज आहे का? प्लॅस्टिकच्या चपलेपेक्षा बरं, पण मेमध्ये दुपारी फरशी आणि टाचा दोन्ही खडखडीत वाळलेल्या असतात. पट्टा दोन-तीनशेला येतो, घ्या. आणि प्लग काढलेला असू द्या.